कलेचा इतिहास आणि सिद्धान्त वाचून स्वतःच्या चित्रांना उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढता, आर्ट कॉलेजला गेलेला नाहीत, आणि आता कलेचा इतिहास नि सौंदर्यशास्त्र वाचायला घ्यावं का, घेतलं तर ते कॅनव्हासवर कसं उतरवायचं असा प्रश्न आहे. शिवाय फार वाचलं की आपलं स्वतःचं काही उरणार नाही, ही भीतीही आहे.

जरूर वाचा. फक्त गुहाचित्रांपासून सुरू करून पान पान पुढे सरकू नका. आम्हाला डिप्लोमाला तसंच शिकवलं: भीमबेटका, मौर्य, गुप्त, मुघल, प्रत्येकाची पाच वैशिष्ट्यं, परीक्षेला टिपा लिहा. ब्रश हातात घेतल्यावर त्यातलं काही आठवलेला माणूस मला अजून भेटायचाय. आपलं चित्र कुठेतरी अडलं असेल, तर त्या अडलेल्या जागेपुरता इतिहास शोधायचा. असा शोधलेला लक्षात राहतो.

चित्रकार रझांचं उदाहरण घ्या. 1948 साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तरुण सय्यद हैदर रझांची चित्रं पाहिली आणि सांगितलं, हातात गुण आहे पण चित्राला बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा. एक उणीव दाखवली, एक नाव दिलं, बस. रझा मुंबईला परतून फ्रेंच शिकले आणि 1950 मध्ये पॅरिसला गेले. तिथल्या सुरुवातीच्या चित्रांत एकमेकांना टेकून उभी असलेली घरं दिसतात, त्यांत बांधणीचाच विचार आहे. आपण ज्याला 'रझांचा बिंदू' म्हणतो तो मोठा काळा गोल त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. मी पावसातल्या एसटी स्टँडचं चित्र करत होतो. लाल गाडी, रंगीबेरंगी छत्र्या, गर्दी, सगळंच ओरडत होतं आणि नजर कुठे ठरेना. भडक रंग वापरूनही शांत राहणारी चित्रं कुणी केली आहेत, एवढाच प्रश्न घेऊन मी बसोहलीच्या लघुचित्रांकडे गेलो. जम्मूकडच्या डोंगराळ भागातली ही शैली. भानुदत्ताच्या 'रसमंजरी' या नायक-नायिकांवरच्या संस्कृत काव्यावर तिथे सतराव्या शतकात काढलेली पानं आज जगभर विखुरली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्यांतली काही मोठी करून बघता येतात.

एका पानाची प्रिंट काढली, वर ट्रेसिंग पेपर लावला. नायक, नायिका, दागिने, मोठाले डोळे सगळं सोडून दिलं आणि फक्त रंग कुठे बदलतो त्या हद्दी आखल्या. मग पोस्टर कलरने ती ठिगळं तशीच्या तशी भरली. गोष्ट निघून गेल्यावर खालचा हिशेब उघडा पडला. बरीचशी जागा एकाच सपाट पिवळ्याने व्यापलेली. वर आभाळाची जेमतेम बोटभर पट्टी, चारी बाजूंनी लाल काठ. आणि हिरवा अगदी कणाकणाने, तरी डोळा आधी तिथेच जातो. दागिन्यांतले पाचू दाखवायला बसोहलीचे चित्रकार भुंगेऱ्याच्या पंखांवरच्या चकचकीत हिरव्या कवचाचे तुकडे कापून चिकटवत. मोठं पिवळं गप्प आहे म्हणून तो एवढासा तुकडा बोलतो.

घरी येऊन एसटी स्टँडच्या ओल्या भिंतीचा शेवाळी रंग अर्ध्याहून जास्त कागदावर पसरू दिला. गाडी कडेला ढकलली, तिचा फक्त लाल पट्टा ठेवला. छत्र्या सगळ्या काळ्या, एक सोडून. ते चित्र पाहून कुणालाही बसोहली आठवत नाही, आणि आठवू नये असंच मला हवं होतं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे याच वाटेने फार खोल गेले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर सुरुवातीच्या काळात त्यांना लघुचित्रांतल्या रंगांची ओढ होती. पुढे आकृत्याच आड येताहेत असं वाटल्यावर त्यांनी त्या काढून टाकल्या आणि रंगांच्या प्रमाणावर लक्ष ठेवलं. नंतरच्या त्यांच्या कॅनव्हासवर रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, मग खरवडलेले रंगाचे थर आहेत. त्यांत लघुचित्र शोधून सापडणार नाही.

सिद्धान्ताचं थोडक्यात. तो चित्र करताना डोक्यात ठेवू नका, चित्र भिंतीला टेकवून लांबून बघताना काढा. कामसूत्रावरच्या यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद (आकारांतले फरक), प्रमाण, भाव, लावण्ययोजन (सौंदर्याची जुळणी), सादृश्य (साम्य) आणि वर्णिकाभंग (रंगांचा वापर). मला यातलं सगळ्यात उपयोगी पडतं ते भाव आणि लावण्य यांचं जोडीने येणं. मी ते असं घेतो की भाव उतू जायला लागला की लावण्य त्याला आवर घालतं. माझी निम्मी चित्रं या एका कसोटीवर परत खाली उतरतात. विष्णुधर्मोत्तर पुराणात तर मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही, आणि नृत्यासाठी आधी वाद्य आणि गायन कळायला हवं. म्हणजे अभ्यासक्रम लांबतच जातो! पण रेषेला ठेका असतो हे पटायला एखादी गाण्याची बैठक ऐकत स्केचिंग करून बघा.

एक धोका मात्र खरा आहे. सिद्धान्त आधी आणि चित्र नंतर असं झालं की कॅनव्हास कोरडा पडतो आणि शेजारच्या कार्डावर 'अवकाश', 'अस्तित्व', 'विखंडन' अशी पानभर मखलाशी चिकटवावी लागते. कुठल्याही प्रदर्शनात शिरलात की उदाहरणं दिसतीलच.

'आपलं' हरवण्याची भीती मला फारशी पटत नाही. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांच्या नकला केल्या, आलुबुखारच्या बागेच्या चित्रासाठी तर चौकटी आखून ट्रेस करून. कडेला जपानी अक्षरंही रंगवली. पण रंग त्याने मूळ छापापेक्षा कितीतरी तापवले. नक्कल करतानाच त्याचा हात वेगळा पडत होता. पुढच्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये तो सपाट रंग आणि ठळक बाह्यरेषा घेऊन जे करू लागला, ते हिरोशिगेचं आहे असं कोण म्हणेल?

मराठीत वाचायला सुरुवात करायची तर चित्रकार प्रभाकर बरवेंचं 'कोरा कॅनव्हास' घ्या. बनारसला विणकर सेवा केंद्रात नोकरी करताना ते तांत्रिक पंथातल्या चित्रकलेच्या प्रभावाखाली आले, काही वर्षं तशी चित्रं केली, आणि मग तिथून बाहेर पडून पान, घड्याळ अशा साध्या वस्तूंकडे वळले. चित्र करणारा माणूस कसा विचार करतो ते या पुस्तकात आहे. सलग वाचू नका, एखादं प्रकरण वाचा आणि कामाला लागा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं मुळातून बघा. पुस्तकातल्या छपाईत पिवळा हमखास बदलतो.