आठ महिन्यांत एकट्याने पावनखिंड?

नाशिकला अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहात, हातात आठ महिने आहेत, पावनखिंडीवर दहा मिनिटांची थ्रीडी फिल्म एकट्याने करायची आहे आणि तिच्या जोरावर नोकरीही हवी आहे. जमेल का, असं विचारलंय तुम्ही. दहा मिनिटं जमणार नाहीत. पावनखिंड जमेल.

आधी हिशोब बघा. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १४,४०० फ्रेम. रोज तीन सेकंदांचं बरं काम हातून झालं (आणि रोज होत नाही) तरी नुसत्या अ‍ॅनिमेशनला २०० दिवस. मॉडेलिंग, रिगिंग (मॉडेल हलवता यावं म्हणून आत बसवायचा सांगाडा), लायटिंग, साउंड अजून दाराबाहेरच उभे आहेत.

मी स्वतः हीच माती खाल्लीये. माझी फिल्म सात मिनिटांची होती, वर त्यात घोडे! चार पायांचं जनावर पळवणं हा वेगळा अभ्यास आहे, हे मला घोडा रिग केल्यावर कळलं. शेवटी एका फ्रेमला रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने अंतिम चित्र तयार करायला, वीस मिनिटं लागायला लागली, म्हणजे पडद्यावरच्या एका सेकंदाला आठ तास, तेही घरच्या एकुलत्या एक पीसीवर. शेवटची दोन मिनिटं ज्युरीला राखाडी प्लेब्लास्टमध्येच (रेंडर न केलेल्या कच्च्या व्हिडिओत) दाखवली. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तर मग पावनखिंड कशी करायची? सैन्य दाखवूच नका. १६६० सालच्या त्या लढाईत सगळ्यांचे कान कशाकडे लागले होते? विशाळगडावरच्या तोफांकडे. महाराज गडावर पोचल्याची ती खूण. एकच मावळा घ्या. पाऊस, अंधार, पाठीला दगड. लढाई फक्त आवाजात. हा माणूस दमलाय, हात थरथरतोय, पण मान पुन्हा पुन्हा गडाच्या दिशेला वळतेय. दीड-दोन मिनिटांत फिल्म होईल. शिवाय स्टुडिओत कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर निवडताना हेच तर बघतात: शरीराचं वजन पटतंय का, श्वास दिसतोय का, हालचालीआधी मनात काही चाललंय असं वाटतंय का. शंभर तलवारींच्या गर्दीत यातलं काहीच दिसत नाही.

नाशिकचेच आहात म्हणून आठवलं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली आणि तीच दाखवून भांडवल उभं केलं. पुढे १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात पात्रं म्हणजे काड्या. शोरील म्हणतात ती, म्हणजे काम मिळवायला दाखवायची आपल्या निवडक शॉट्सची फिल्म, याहून वेगळी काय असते?

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका. ब्लेंडर फुकट आहे, आणि २०२५ साली ऑस्कर मिळवलेली 'फ्लो' त्यातच झाली. पण ते उघडण्याआधी पहिला दीड महिना स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिकला (तीच चित्रं वेळेनुसार जोडून केलेल्या कच्च्या व्हिडिओला) द्या. तोफांचा आवाज, पाऊस, धाप सगळं कच्चं का होईना, त्यावर चढवा. मग अ‍ॅनिमेशनशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा. माझी आई मोबाईलवर बघायची आणि कंटाळा आला की सरळ चहा ठेवायला उठायची. ती जिथे उठली तिथे मी कात्री लावायचो. सातव्या मिनिटापर्यंत ती कधी पोचलीच नाही. ते तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं.

नोकरीचं म्हणाल तर 'मला सगळं येतं' असं सांगू नका. अ‍ॅनिमेशन, रिगिंग, लायटिंग, यातलं एक धरा. शोरील एक मिनिटाची, सगळ्यात चांगला शॉट पहिला, कारण दहा सेकंदांत आवडली नाही तर पुढची लावतात. मुंबई-पुण्यात व्हीएफएक्सवाले फ्रेशरला बऱ्याचदा रोटो (फ्रेमगणिक आकृती कापून वेगळी करणं) किंवा पेंटला (फ्रेममधलं नको ते पुसणं) बसवतात. त्यात कमीपणा नाही, मीही सुरुवात रोटोनेच केली. फक्त संध्याकाळी घरी स्वतःचे शॉट चालू ठेवा, नाहीतर रोटोतच पाच वर्षं जातात. आणि बाँडवर सही करायची वेळ आली तर आधी तो घरी आणून शांतपणे वाचा, किती वर्षांचा आहे आणि मध्येच सोडला तर किती भरावे लागतील ते बघा.

अ‍ॅनिमॅटिक झाली की इथेच लिंक टाका. आई अजूनही बघते, तिलाच दाखवतो.