'डिजिटल अरेस्ट'ला 'डिजिटल अटक' म्हणायचं का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, सोसायटीच्या बोर्डावर ज्येष्ठांसाठी सूचना लावायचीये, त्यात 'डिजिटल अरेस्ट'ला (म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सोंग करून, 'तुम्हाला अटक झालीये' म्हणत पैसे उकळतात त्या प्रकाराला) 'डिजिटल अटक' लिहिलं तर चालेल का, की दुसरा शब्द आहे.

माझं मत विचाराल तर नका लिहू. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे, पण घोळ तिथेच आहे ना. अरेस्ट जरा परका वाटतो, 'अटक' म्हटलं की पोटात गोळाच येतो. माझी नौपाड्यातली मावशी, वय ७४, दोन दिवस बेडरूममध्ये मोबाईल भिंतीला टेकवून बसली होती, समोर व्हिडिओवर खाकीतला माणूस, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पैसे वाचले ते शेजारच्या काकूंमुळे, त्या विरजण मागायला आल्या तर ही दार किलकिलं करून हळूच म्हणते, आत नको येऊस गं, मला अटक झालीये. 'झालीये' बघा! तिच्यापुरती ती खरंच झाली होती.

आता कायद्यात अटक म्हणजे काय, तर १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे तिच्या कलम ४३ प्रमाणे पोलिसाने माणसाच्या अंगाला हात लावायचा किंवा त्याला प्रत्यक्ष अडवायचं, तो बोलून किंवा वागण्यातून आपणहून ताब्यात आला तरच ते लागत नाही. (कुणी म्हणेल मावशी आलीच की ताब्यात. पण कुणाच्या? समोर पोलीसच नव्हता.) पुढे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवाद म्हणूनच, तेही महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. म्हणजे 'अटक' या शब्दाबरोबर आपले एवढे हक्क येतात, आणि आपण तो चोरांना फुकट देऊन टाकायचा?

पेपरवाले तर सरळ लिहितात 'डिजिटल अरेस्ट करून वृद्धाला लुटले'. करून कसं? 'अटकेची थाप मारून' म्हणा. आणि त्या बेडरूममध्ये जे चाललं होतं त्याला मराठीत शब्द आहे, ओलीस धरणं.

करणाऱ्यासाठी तर फारच झकास शब्द आहे, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, माणसं त्याच्यामागे गेलीसुद्धा, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, तो इतिहासातला तोतया. 'पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा' म्हणत भररस्त्यात आज्यांना लुटणारे ते तोतया पोलीस, हे तर आपण वर्षानुवर्षं वाचतोय. व्हिडिओवाला त्यांचाच धाकटा भाऊ, त्याच्याकडे फक्त नेट आहे. कायद्याच्या मराठीतही हेच आहे, 'तोतयेगिरी करून ठकवणूक', आधी दंड संहितेचं ४१९, आता न्याय संहितेचं ३१९, आणि मोबाईल-कॉम्प्युटरवरून केली तर आयटी कायद्याचं ६६-डी, तीन वर्षांपर्यंत कैद. ठकवणूक मला फसवणुकीपेक्षा आवडतो, फसवणुकीत बोट फसणाऱ्याकडे जातं, ठकवणुकीत ठक दिसतो.

जाता जाता, 'डिजिटल अटक' हे नाव कशाला शोभलंच असतं तर ते २०१२ च्या पालघरच्या प्रकरणाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर जो बंद झाला त्यावर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाईक केलं आणि दोघींना अटक, तीही खऱ्या पोलिसांकडून. त्यात लावलेलं आयटी कायद्याचंच ६६-ए कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं.

तर ताई, बोर्डावर एवढंच लिहा: 'पोलीस फोनवर अटक करत नाहीत. तसं सांगणारा तोतया. फोन कट करा, घरच्यांना सांगा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा.' खाली बारीक अक्षरात 'डिजिटल अरेस्ट' टाका, टीव्हीवर तेच नाव ऐकू येतं म्हणून. तोतया जुना वाटतो म्हणून कमिटीत कुणी नाक मुरडेल, पण सत्तरीच्या पुढच्यांना तो बरोब्बर कळतो, नातवंडांना नाही कळला तर विचारतील आजीला.