डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) मध्ये एखादी लढत पार्टीला सोपी जाईल की जड, हे सेशनआधी कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: लेव्हल ३ ची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट), फायटर, रेंजर, क्लेरिक आणि विझर्ड. एका रविवारी तुम्ही ओगर (धिप्पाड राक्षस) आणलात, तो दुसऱ्या राउंडला आडवा. पुढच्या रविवारी आठ गॉब्लिन (बुटके राक्षस) आणलेत, तर पार्टी मरता मरता वाचली. पुस्तकात मात्र ओगरचा सीआर (चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टर किती अवघड त्याचा आकडा) २ आणि गॉब्लिनचा पाव. मग सीआर बघायचा तरी कशाला?

बघायचा, पण तो एकट्या मॉन्स्टरचा असतो, लढतीचा नसतो हे धरून. लढत ठरते ती कोणाला किती वेळा टर्न मिळतो यावर. तुमच्याच दोन लढती मांडून बघू. आकडे २०१४ च्या पुस्तकांतले घेतो.

ओगरचे हिट पॉइंट (जीव किती, तो आकडा) ५९ आणि एक्सपी (त्याला हरवल्याचे अनुभवाचे गुण) ४५०. आठ गॉब्लिनांचे प्रत्येकी ७ म्हणजे मिळून ५६ हिट पॉइंट, आणि प्रत्येकी ५० प्रमाणे ४०० एक्सपी. कागदावर दोघं तोडीस तोड, ओगरच किंचित सरस. आता टर्न मोजा. ओगरचा राउंडला एकच वार, +६ ने (वीस बाजूंच्या फाशात ६ मिळवून). एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) १६ च्या फायटरला तो लागण्याची शक्यता ५५ टक्के, आणि लागला तर सरासरी १३. म्हणजे राउंडला साधारण ७ डॅमेज. तेच आठ गॉब्लिन +४ ने त्याच फायटरवर तुटून पडले तर प्रत्येकाची शक्यता ४५ टक्के, लागला तर ५. बेरीज १८, म्हणजे ओगरच्या अडीच पट.

आणि गॉब्लिनांनी फायटरलाच का मारावं? त्यांच्याकडे शॉर्टबो असतात. चिलखत नसलेल्या, एसी १२ च्या विझर्डवर आठही जणांनी नेम धरला तर प्रत्येकी ६५ टक्के, सरासरी डॅमेज २६. कॉन्स्टिट्यूशन +२ असलेल्या लेव्हल ३ च्या विझर्डचे हिट पॉइंट असतात २०. त्याने मेज आर्मर हा संरक्षणाचा स्पेल (मंत्र) घेऊन एसी १५ केला, तरी सरासरी बरोबर २० वर येते. इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) गॉब्लिन आधी आले तर तुमच्या विझर्डला एक टर्नसुद्धा न मिळता तो जमिनीवर. अर्थात उलटंही खरं आहे. विझर्ड आधी आला आणि त्याने घोळक्यात शॅटर हा स्फोटाचा स्पेल टाकला तर निम्मे गॉब्लिन जागीच संपतील. घोळक्याचा मार दर राउंडला कमी होत जातो, ओगर मात्र शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत तेवढ्याच जोरात मारतो. म्हणूनच गॉब्लिनांच्या लढतीत पहिला राउंडच सगळा निकाल लावतो.

पुस्तकाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यात मॉन्स्टरच्या संख्येप्रमाणे एक्सपीला गुणायला सांगितलंय: दोन असतील तर दीड, तीन ते सहाला दोन, सात ते दहाला अडीच. तुमच्या चौघांसाठी सोपी ३००, मध्यम ६००, कठीण ९०० आणि जीवघेणी १६०० पासून. ओगर ४५० म्हणजे सोपी. गॉब्लिन ४०० गुणिले अडीच, १००० म्हणजे कठीण. तुमच्या टेबलावर नेमकं तेच झालं. २०२४ च्या नव्या पुस्तकात हा गुणाकार काढून टाकलाय आणि लो, मॉडरेट, हाय अशा तीनच पायऱ्या ठेवल्यात. लेव्हल ३ च्या चौघांना लोचं बजेटच ६०० चं, त्यामुळे ४०० काय नि ४५० काय, दोन्ही त्याच्या आतच. पद्धत सुटसुटीत आहे हे मान्य, पण खालच्या लेव्हलला घोळका आणायचा असेल तर मी अजूनही जुना गुणाकार करून बघतो.

एकट्या मॉन्स्टरची दुसरी अडचण म्हणजे त्याचा एकच टर्न असतो आणि तो एका स्पेलने जातो. ओगरची विजडम ७, सेव्हला (स्पेलचा परिणाम टाळायच्या फाशाला) उणे २. तुमच्या विझर्डचा डीसी (सेव्हने गाठायचा आकडा) १३ असेल तर हिडियस लाफ्टर त्याच्यावर ७० टक्के वेळा चालतो, आणि मग शत्रूची अख्खी फौज जमिनीवर लोळून हसत असते. (हा स्पेल इंटेलिजन्स ४ किंवा कमी असणाऱ्यांवर चालत नाही. ओगरचं ५ आहे. बिचारा थोडक्यात हुशार निघाला.) म्हणून एकटा बॉस आणायचा तर लेजेंडरी अ‍ॅक्शन (इतरांच्या टर्ननंतरही मिळणारी कृती) असलेला आणा, नाहीतर सोबतीला चार टवाळ द्या.

मात्र टर्न मोजूनही एक गोष्ट निसटते: डॅमेज हिट पॉइंटांनाच होतो असं नाही. पाच शॅडो (सावलीसारखी भुतं) घ्या. सीआर अर्धा, प्रत्येकी १०० एक्सपी, दोनने गुणून १०००. आठ गॉब्लिनांइतकाच आकडा. पण शॅडोचा प्रत्येक वार १ ते ४ स्ट्रेंग्थ खातो, आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की पात्र मेलं. डेथ सेव्ह (मरणातून वाचायचा फासा) वगैरे काही नाही. ज्या विझर्डने स्ट्रेंग्थ ८ ठेवलीय तो तीनचार वारांत संपतो, हिट पॉइंट उरले असले तरी. त्यात जादूचं शस्त्र नसेल तर फायटरचा मार अर्धाच लागतो. आता त्याच पार्टीत क्लेरिक आहे आणि त्याला टर्न अनडेड (भुतांना पळवून लावायची शक्ती) वापरायचं सुचलं, तर निम्मे शॅडो पहिल्याच राउंडला पळत सुटतात. आकडा दोन्हीकडे १०००च. बॅन्शीचंही तसंच: सीआर ४, पण तिचा आक्रोश ऐकून सेव्ह चुकला की थेट शून्य हिट पॉइंट. त्यामुळे मॉन्स्टर निवडला की त्याचा सीआर बघण्याआधी त्याच्या अ‍ॅक्शन वाचा आणि "हे थांबवायला माझ्या पार्टीकडे काय आहे?" एवढं विचारा.

दिवसाचा हिशेबही यात येतो, आणि बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) तो सोडून देतात. २०१४ चं पुस्तक धरून चालतं की एका लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) पार्टी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती देईल. आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर असं होतं? रविवारी तीनचार तास मिळतात, त्यात अर्धा तास चहा आणि कोण कुठे बसणार यात जातो. लढत होते एक, फार तर दोन. म्हणजे सगळे स्पेल स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायचा साठा) शाबूत असलेली पार्टी एकाच लढतीत सगळं ओतते. अशा पार्टीला पुस्तकातली "कठीण" लढत मध्यमच वाटणार. दिवसाला एकच लढत असेल तर मी सरळ "जीवघेणी" च्या आसपास जातो. लेव्हल १ ला मात्र अजिबात नाही. तिथे ओगरचा एक चांगला फटका विझर्डला थेट मारून टाकू शकतो.

जागेबद्दल थोडक्यात: मोकळ्या माळावरचे आठ तिरंदाज आणि वळणावळणाच्या बोळातले आठ जण, ज्यांना एका वेळी दोघांनाच पुढे येता येतं, या दोन वेगळ्या लढती आहेत. बोळात असतील तर मी गॉब्लिनांचे चारच धरतो.

लढत सुरू झाल्यावर ती हाताबाहेर जातेय असं दिसलं तर काय? पडद्यामागे फासे बदलणं मला पटत नाही. खेळाडूंना ते कळतं, आणि एकदा कळलं की कुठल्याच विजयाची मजा राहत नाही. त्यापेक्षा मॉन्स्टरना अक्कल द्या. निम्मे साथीदार मेल्यावर गॉब्लिन कशाला थांबतील? जुन्या बेसिक नियमांत यासाठी मोरालचा (हिमतीचा) आकडाच असायचा: दोन फासे टाकायचे, बेरीज त्याहून जास्त आली की शत्रू पळाला किंवा शरण आला. तो नियम आजही कुठल्याही टेबलावर बेधडक वापरता येतो. शिवाय ओगरचे ५९ हिट पॉइंट ही फक्त सरासरी आहे, छापलेल्या फाशांप्रमाणे ते २८ ते ९१ कितीही असू शकतात. फक्त ते लढतीआधी ठरवा.

येत्या रविवारसाठी हे करून बघा: एक ओगर आणि चार गॉब्लिन. ६५० गुणिले दोन, १३००, म्हणजे कठीण पण जीवघेणी नाही. गॉब्लिन पहिल्या राउंडला आणू नका. ओगरवर सगळे तुटून पडले की दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला दोन मागून आणा. पार्टी अजून ताजीतवानी दिसली तर तिसऱ्याला उरलेले दोन, आणि क्लेरिक आधीच हील करत सुटला असेल तर ते दोघं तळावरच झोपलेले राहू देत.