थंडीत रेड ड्रम गळाला का लागत नाही?

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनच्या खाडीजवळ राहतो. लहानपणी मलप्रभेच्या डोहावर लागलेला गळाचा नाद त्याने तिकडेही जपला आहे. ऑक्टोबरपर्यंत त्याला रेड ड्रम मासे चांगले मिळत होते. डिसेंबरात मात्र त्याच उथळ जागी पहाटेपासून बसूनही हाती काही लागत नाही. मासे समुद्रात निघून जातात काय? जानेवारीत मीही तिकडे जाणार आहे.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पूर्ण वाढलेले रेड ड्रम बहुतांशी समुद्रात राहतात, परंतु साधारण तीन-चार वर्षांपर्यंतचे मासे हिवाळ्यातही खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातच असतात, फक्त जागा बदलतात. ती खाडी फार उथळ आहे. उत्तरेचा गार वारा सुटला की पाणी लवकर थंड होते आणि तोच वारा पाणी समुद्राकडे लोटत असल्याने काठचा चिखलाट उघडा पडतो. अशा वेळी मासे खोल चरांत आणि डोहांत उतरतात. दोन-तीन दिवस स्वच्छ ऊन पडले की काळा चिखल तापतो आणि दुपारनंतर ते पुन्हा उथळ पाण्याकडे येतात. म्हणून पहाटेचा हट्ट सोडावा. आपल्या नदीवरची ही सवय तेथे थंडीत उपयोगाची नाही.

माशाचे शरीर पाण्याइतकेच गार होत असल्याने त्याची भूक मंदावते व तो आमिषामागे धावत नाही. ताज्या कोळंबीचा किंवा खेकड्याचा लहान तुकडा तळाशी स्थिर ठेवावा आणि धीर धरावा. हिवाळ्यात पाणी बरेचदा नितळ असते, तेव्हा काठावर सावली पडू देऊ नये. शेपटीजवळच्या काळ्या ठिपक्यावरून हा मासा ओळखता येतो. बेळगावच्या बाजारात येणारे ढोमा आणि घोळ हे याच कुळातले. पोटातील हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे ढोलासारखा आवाज काढतात, त्यावरूनच इंग्रजीत हे नाव पडले.

टेक्सासमध्ये सर्वसाधारणपणे 20 ते 28 इंच लांबीचे मासे ठेवता येतात, तेही माणशी दिवसाला तीन. आपल्यालाही परवाना लागेल. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कडाक्याच्या थंडीत गारठलेले मासे एकेका डोहात दाटीने गोळा होतात आणि तेथे ते सहज हाती लागतात. फेब्रुवारी 2021 मधील थंडीच्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लाखो मासे मेले. अशा लाटेत सरकार काही खोल जागा मासेमारीला तात्पुरत्या बंद करते. बंदी नसलेल्या डोहांवरही त्या दिवसांत आपण दोघांनी गळ टाकू नये.