अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये शेजाऱ्याच्या फोनचा एरिया कोड (नंबरचे पहिले 3 आकडे) 732 आणि मला 848 मिळाला, असं का? कॉलला जास्त पैसे पडतील का?

नाही, जास्त काही पडत नाही. 732 आणि 848 दोन्ही एकाच भागाचे कोड आहेत, याला ओव्हरले म्हणतात. 1997 ला 908 चा भाग तोडून 732 काढला तेव्हा लोकांना जुने नंबर बदलावे लागले, दुकानांच्या पाट्या, व्हिजिटिंग कार्डं सगळंच, म्हणून मग 2001 ला 732 चे नंबर कमी पडायला लागल्यावर त्याच भागावर 848 चढवला आणि जुन्यांचे नंबर तसेच ठेवले, माझ्या मते हेच बरं झालं. आपल्याकडे मुंबईत लँडलाईनच्या आधी 2 लावून 7 चे 8 आकडे केले तसं तिकडे जमत नाही कारण कोड धरून 10 आकडे अमेरिका कॅनडा सगळीकडे फिक्स आहेत.

फक्त एक लक्षात ठेवा, समोरच्या घरी फोन करायचा असला तरी पूर्ण 10 आकडे फिरवायचे, शेवटचे 7 फिरवून लागणार नाही. 911 (पोलीस, अँब्युलन्स वगैरे आणीबाणीचा नंबर) मात्र तसाच, तीनच आकडे. आणि घरच्यांना नंबर देताना पुढे +1 लावून द्या, आईबाबांना भारतातून लावताना तो लागतोच.