१६४०च्या ‘बे साम बुक’मध्ये एकही चाल छापलेली नसताना लोक स्तोत्रे कशी गात होते?

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १६४० साली छापलेल्या या पुस्तकात बायबलच्या स्तोत्रसंहितेतील सर्व १५० स्तोत्रे इंग्रजी पद्यात आहेत, पण स्वरलेखन मुळीच नाही. याचे मर्म छंदात आहे. बहुतेक स्तोत्रे ८, ६, ८, ६ अक्षरांच्या चार चरणांत बांधलेली असल्यामुळे त्या मापाची कोणतीही परिचित चाल त्यांना लागू पडे. आपल्याकडे एकाच चालीवर अनेक अभंग म्हणता येतात, तसेच हे. पुस्तकाच्या अखेरीस दिलेल्या सूचनेत म्हटले आहे की सर्व स्तोत्रे सहा छंदांत बसतात आणि त्यांपैकी पहिल्या छंदासाठी इंग्रज संगीतकार टॉमस रेव्हन्सक्रॉफ्ट यांच्या संग्रहातील, म्हणजे लंडनमध्ये १६२१ साली निघालेल्या ग्रंथातील, सुमारे चाळीस चाली चालतील. या चालींना यॉर्क, विंडसर अशी गावांची नावे होती, त्यामुळे शब्दांपासून त्या सहज वेगळ्या ओळखता येत.

ज्यांच्याजवळ पुस्तक नसे किंवा ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी पुढे एक जण ओळ सांगे आणि मंडळी ती गात. ही सोय मोलाची खरी, पण तिच्यामुळे गाणे संथ होत गेले आणि तोंडी परंपरेत चालींची रूपेही बदलली. १६९८च्या नवव्या आवृत्तीत मात्र १३ चाली छापल्या गेल्या. माझ्या मते या संग्रहाच्या अभ्यासकाने १६४०च्या बरोबरीने हीच आवृत्ती आधी पाहावी.