वडिलांना एलव्हीएडी (हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा, आत बसवलेला पंप) आहे. त्याची वायर पोटातून बाहेर येते, तिथल्या स्वॅबमध्ये ‘कोरिनेबॅक्टेरियम’ हा जंतू आला. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘त्वचेवरचा जंतू, बहुधा बाहेरून मिसळलेला’ हा शेरा तुमच्या वडिलांच्या रिपोर्टवर आहे, तोच माझ्या बाबांच्या रिपोर्टवर होता. त्यापायी आमचे सात आठवडे वाया गेले.

एका दुपारी कंट्रोलरची (पंप चालवणाऱ्या, बाहेर बाळगायच्या यंत्राची) पिशवी खुर्चीवरून घसरली आणि वायरीला जोरात हिसका बसला. रक्ताचा एक थेंब आला, थांबला. बाबा म्हणाले, “काही नाही गं.” चार दिवसांनी ड्रेसिंग काढलं तर गॉझवर नखाएवढा पिवळट डाग, आणि वायरीला घट्ट धरून असलेली कातडी एका बाजूनं सुटलेली. ताप नाही, दुखणं नाही. रिपोर्ट आला, तो फोनवर ऐकून दादानं निकाल देऊन टाकला: “तू हात नीट धूत नसशील.”

दीड वर्ष मास्क लावून, निर्जंतुक हातमोजे घालून, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसून मी ते ड्रेसिंग करत होते. दादानं एकदाही केलेलं नाही. तरी त्याच्या त्या वाक्यानंतर मी हात सोलवटेपर्यंत घासत राहिले.

दुसऱ्या स्वॅबमध्ये पुन्हा तोच जंतू. तिसऱ्या वेळी मी अडून बसले: पूर्ण नाव काढा, कुठलं औषध लागू पडतं तेही तपासा. निघाला कोरिनेबॅक्टेरियम स्ट्रायटम, बहुतेक औषधांना न जुमानणारा. व्हॅन्कोमायसिननं दबला. डॅप्टोमायसिन डॉक्टरांनी मुद्दाम टाळलं, कारण उपचार चालू असतानाच हा जंतू त्याला निर्ढावतो. पण दबला म्हणजे गेला नाही. वायरीवर जंतूंचा चिकट थर बसतो, त्याच्या आत औषध नीट पोचत नाही. म्हणून बाबांना आता गोळी कायमची.

वायरीच्या संसर्गात स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनस हे नेहमीचे जंतू. ते लॅबला लगेच सापडतात. अवघड असतात ते बाकीचे. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस उगवायला दहा-चौदा दिवस लागू शकतात, त्याआधी लॅबनं जंतू वाढवायची प्लेट टाकून दिली की रिपोर्ट कोरा. मायकोबॅक्टेरियम ॲबसेसससाठी तर वेगळी तपासणी सांगावी लागते. तेव्हा नमुन्यासोबत ‘हृदयात पंप आहे’ हे लिहून द्यायला लावा, आणि नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच घ्यायला सांगा.

आणि घरात ड्रेसिंग करणाऱ्या माणसाला आरोपी करू नका. हिसक्यानं वायरीभोवतीची पकड सुटते आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. वायर पोटावर पट्ट्यानं पक्की बांधा, पिशवी अंगावरच ठेवा.

हो, एक सांगायचं राहिलं. जागा कोरडी असेल, लाली किंवा स्राव काही नसेल आणि जंतू एकदाच आला असेल, तर तो खरंच नुसता त्वचेवरचा असू शकतो. हे डॉक्टरांनी जागा डोळ्यांनी पाहून ठरवावं, कागद वाचून नाही. थंडी-ताप आला तर वाट न पाहता रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून पाहायची तपासणी) करायला न्या.

दादा पुढच्या महिन्यात येतोय. नर्सकडे दोन दिवस शिकायला पाठवून एक ड्रेसिंग मी त्याच्याकडून करून घेणार आहे.